पत्ते, कुंडी, गाणं, तंबोला: प्रौढांच्या स्पीच आणि कॉग्निटिव्ह थेरपीत खेळ-छंद कसे वापरायचे

दोन माणसं समोरासमोर बसून अर्धा तास पत्ते खेळतात. हसतात, वेळ छान जातो. पण तेवढ्या वेळात पेशंटच्या तोंडून चार शब्दसुद्धा निघालेले नसतात, कारण पत्ता टाकायला शब्द लागतच नाही, हात पुरतो. नवीन काम सुरू करणाऱ्या थेरपिस्टची पहिली चूक बहुतेक वेळा इथेच होते. खेळ टेबलावर आला म्हणून थेरपी सुरू होत नाही. डाव पुढे सरकायला तो शब्द, ती आठवण किंवा ते लक्ष लागलंच पाहिजे, असा नियम आपण बसवला की ती सुरू होते.

पुढचं सगळं पक्षाघात, डोक्याला मार, पार्किन्सन्स किंवा डिमेन्शिया यांमुळे बोलणं किंवा विचार करणं अवघड झालेल्या प्रौढांबद्दल आहे. ते नव्या थेरपिस्टसाठी आहे आणि थेरपिस्टच्या देखरेखीखाली घरी सराव घेणाऱ्या कुटुंबीयांसाठीही आहे.

आधी उद्दिष्ट, मग खेळ

कपाटात लुडो आहे म्हणून लुडो काढला, की सेशन संपल्यावर नोंदवहीत लिहायला काही उरत नाही. वाचाघात म्हणजे अफेझिया (मेंदूच्या इजेमुळे भाषाच अडणं) असेल, तर नेमकं काय अडलंय ते आधी ठरवा: शब्द आठवणं, वाक्य जुळवणं की ऐकलेलं समजणं? डिसार्थ्रिया (बोलण्याच्या स्नायूंवरचा ताबा कमी होणं) असेल तर आवाज पडलाय की उच्चार पुसट होतात? मेंदूच्या दुखापतीनंतर लक्ष टिकत नाही, घाई होते की कामाचा क्रम लागत नाही? तपासणीतून जे पुढे येईल त्यातलं एक, फार तर दोन उद्दिष्टं घ्या.

उद्दिष्ट असं लिहा की दुसऱ्या थेरपिस्टने वाचलं तरी त्याला मोजता येईल. उदाहरणार्थ: «12 चित्र-जोड्यांच्या खेळात दोन शब्दांची मागणी (‘कात्री द्या’) 10 पैकी 8 वेळा, पहिल्या अक्षरापेक्षा जास्त मदत न घेता, सलग 3 सेशनमध्ये.» ‘संवाद सुधारेल’ हे उद्दिष्ट नव्हे, ती इच्छा आहे.

मग आवड शोधा. जागतिक आरोग्य संघटनेने 2001 मध्ये स्वीकारलेल्या आयसीएफ या आरोग्य आणि अपंगत्वाच्या वर्गीकरणात शरीराच्या कार्यासोबत ‘कृती आणि सहभाग’ यांनाही जागा आहे. माणूस आठवड्यात काय करायचा आणि आता त्यातलं काय सुटलंय, हा म्हणूनच तपासणीचाच प्रश्न आहे. बोलता न येणाऱ्याला ‘तुम्हाला काय आवडतं?’ विचारून उपयोग होत नाही. छंदांचे 20-24 फोटो घ्या आणि तीन कागदांवर तीन गठ्ठे करायला सांगा: ‘अजून करतो’, ‘परत करायला आवडेल’, ‘नको’. मधल्या गठ्ठ्यातून खेळ निवडा.

त्याआधी एक खात्री करून घ्या. वाचाघातात ‘हो’ आणि ‘नाही’ची अदलाबदल होऊ शकते. ज्यांची उत्तरं तुम्हाला माहीत आहेत असे आठ-दहा प्रश्न विचारा: नाव बरोबर सांगून, नाव चुकीचं सांगून, दिवसा ‘आता रात्र आहे का?’ असं. त्यात गडबड दिसली तर त्या पेशंटच्या मान हलवण्यावर विसंबू नका. तो फोटो कुठे ठेवतो ते बघा.

एक सावधगिरी नव्या लोकांच्या लक्षात येत नाही. जो माणूस बुद्धिबळात खरोखर तरबेज होता, त्याच्यासमोर पहिल्याच आठवड्यात पट मांडू नका. काय गेलं हे त्याच्याइतकं स्पष्ट कुणालाच दिसत नाही. शेजारचा खेळ घ्या, चेकर्स किंवा डॉमिनोज. तो स्वतः मागेल तेव्हा बुद्धिबळ काढा.

आणि बोलण्याची पद्धत. प्रौढ माणसाला ‘शाब्बास, छान छान, आता हे उचल बघू’ असं म्हटलं की खेळ बालवाडीचा होतो आणि पेशंट पुढच्या वेळी यायला कुरकुर करतो. ‘तुम्ही’ म्हणा. ‘काका’, ‘आजी’ हे आपल्या तोंडात सहज येतं, पण आजारी पडण्याआधी त्यांना लोक काय म्हणायचे ते घरच्यांना विचारा आणि तेच वापरा. ‘शाब्बास’च्या जागी घडलेली गोष्ट सांगा: ‘हा शब्द या वेळी मदतीशिवाय आला.’

टेबल मांडताना

चष्मा आणि श्रवणयंत्र लावलेलं आहे ना, यंत्राची बॅटरी चालू आहे ना, हे आधी बघा. ‘आज समजत नाहीये’ अशी नोंद झालेल्या कित्येक सेशनचं कारण संपलेली बॅटरी असते. टीव्ही बंद, दार लोटलेलं, उजेड पेशंटच्या पाठीमागून नको आणि तुमच्याही पाठीमागून नको. ओठ दिसायला हवेत.

मेंदूच्या डाव्या भागाला इजा असेल तर वाचाघातासोबत उजवा हात कमजोर असणं आणि उजव्या बाजूचं दिसत नसणं हे बरेचदा जोडीने येतं. सुरुवातीला चित्रं डावीकडून मध्यापर्यंत मांडा. उजव्या भागाच्या इजेत प्रकार वेगळा असतो. नजर शाबूत असूनही डावीकडच्या जगाकडे लक्षच जात नाही, त्याला नेग्लेक्ट म्हणतात. अशा वेळी टेबलाच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टीची उभी रेघ लावा आणि प्रत्येक पाळीला ‘आधी लाल रेघ शोधा, मग पत्ते बघा’ हे म्हणून घ्या. पत्ते रोज थोडे थोडे डावीकडे सरकवा.

एका हाताने पत्ते धरता येत नसतील तर जाड केसांचा साधा ब्रश उलटा ठेवा. केसांमध्ये पत्ते उभे खोचले जातात. खाच पाडलेली लाकडी पट्टीही चालते. पट किंवा ट्रे सरकू नये म्हणून खाली ओलसर फडकं पसरा. पत्ते पिसायला दोन हात लागतात, म्हणून सगळे पालथे टाकून टेबलावरच एका हाताने कालवायचे.

एक डाव, पहिल्यापासून: आडोशाचा खेळ

शब्द आठवण्यासाठी आणि मागणी करण्यासाठी हा आमच्या मते सगळ्यात भरवशाचा खेळ आहे, म्हणून तो सविस्तर सांगतो. याचं मूळ 2001 मध्ये पुल्व्हरम्युलर आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या पद्धतीत आहे. खेळाडूंच्या मधे आडोसा, हातात जोडीतली चित्रं, आणि फक्त बोलून मागायचं. त्यांनी तो कामकाजाचे 10 दिवस, दिवसाला 3 ते 4 तास खेळवला होता. एवढा वेळ नेहमीच्या कामात क्वचित मिळतो, पण नियम तेच ठेवून 45 मिनिटांतही तो बसवता येतो.

साहित्य: रोजच्या वापरातल्या 12 वस्तूंचे फोटो, प्रत्येकी दोन प्रती, म्हणजे 24 पत्ते. पोस्टकार्डाएवढे, पांढऱ्या पार्श्वभूमीवर एकच वस्तू. दोन उभ्या फायली आडोशासाठी, 25-30 सेंटिमीटर उंच, म्हणजे पत्ते झाकले जातात आणि चेहरे दिसतात. नोंदीचा कागद.

शब्द निवडताना चार सोपे घ्या, जे आत्ताच बहुतेकदा येतात. सहा मधले, दोन अवघड. सुरुवातीला दोन-तीन अक्षरी घ्या: घर, चावी, कात्री, पुस्तक. उच्चाराची जुळवाजुळवच बिघडली असेल, म्हणजे अ‍ॅप्रॅक्सिया असेल, तर जोडाक्षरं आणि लांब शब्द मागे ठेवा. एकाच गटातल्या वस्तू (चमचा, वाटी, ताट) पहिल्या आठवड्यात एकत्र नकोत. एकाच्या जागी दुसरा येतो आणि तो पुसता पुसता दमछाक होते.

1. पत्ते कालवा. दोघे असाल तर प्रत्येकी 8 द्या आणि उरलेले 8 मधे पालथे ठेवा. तिघे असाल तर प्रत्येकी 8, मधे काही नाही. हातात आधीच जोडी आली असेल ती बाजूला काढा.

2. पहिली पाळी तुम्ही खेळा आणि जशी मागणी हवी तशीच करा: ‘चावी द्या.’ नियम बोलून समजावत बसू नका, दोन पाळ्या दाखवल्या की पुरतं.

3. पेशंटने मागितलं आणि पत्ता तुमच्याकडे असेल, तर ‘ही घ्या चावी’ म्हणून द्या. नसेल तर ‘चावी नाही’ म्हणा आणि त्याला मधला पत्ता उचलू द्या. तुम्ही मागाल तेव्हा त्यालाही उत्तर बोलूनच द्यायचं आहे. ‘नाही’ हा शब्द इथे खऱ्या कामाला येतो.

4. शब्द येत नसेल तर थांबा. मनात दहापर्यंत मोजा, सावकाश. हे दहा आकडे नव्या थेरपिस्टला फार जड जातात आणि तिसऱ्या-चौथ्या आकड्यालाच आपण शब्द बोलून टाकतो. पेशंट शोधत असतो, त्याचे डोळे आणि ओठ बघा.

5. दहानंतर मदत द्या, पण हलकी आधी. पहिल्यांदा उपयोग: ‘कापड कापायला लागते ती.’ मग अर्धं वाक्य: ‘कापड कापायला घेतो…’ मग ओठांची ठेवण, आवाज न काढता. मग पहिलं अक्षर. मग लिहिलेला शब्द. शेवटी पूर्ण शब्द, मागोमाग म्हणण्यासाठी. आपल्याकडे पहिलं अक्षर म्हणजे व्यंजन आणि स्वर एकत्र, हे इथे फायद्याचं आहे. नुसतं ‘क्’ दिलं तर कुत्राही येईल, कात्रीही. ‘का’ दिलं की वाट बरीच अरुंद होते.

6. कुठली मदत लागली तो आकडा लगेच लिहा: 0 म्हणजे मदत नाही, 1 उपयोग, 2 अर्धं वाक्य, 3 ओठ, 4 अक्षर, 5 लिखित शब्द, 6 पूर्ण शब्द. नुसती बरोबर-चूक खूण केली तर प्रगती दिसत नाही. सहावरून तीनवर येणं ही मोठी प्रगती आहे, आणि बरोबर-चूकच्या रकान्यात ती दोन्ही वेळा सारखीच दिसते.

7. एका सेशनमध्ये पेशंटच्या किमान 20 मागण्या व्हायला हव्यात. होत नसतील तर बहुधा तुम्ही जास्त बोलताय.

अवघडपणा वाढवताना एका वेळी एकच गोष्ट बदला. 10 पैकी 9 मागण्या शून्य मदतीने आल्या की वाक्य लांबवा: ‘कात्री’, मग ‘कात्री द्या’, मग ‘मला कात्री द्या’, मग रंग किंवा संख्या फरकाचे पत्ते घालून ‘मला लाल कात्री द्या’. लाल आणि निळी कात्री दोन्ही पत्त्यांत असतील तेव्हाच ‘लाल’ म्हणायची गरज पडते. नाहीतर तो शब्द केवळ तुमच्या हट्टासाठी म्हटला जातो. 10 पैकी 5 पेक्षा कमी आले तर पत्ते 24 चे 16 करा. आठच्या आसपास यश राहील अशी पातळी धरून ठेवा.

बिघाड कुठे होतो? बहुतेकदा तीन ठिकाणी. एक, मागचा शब्द अडकतो. ‘चावी’ आली की पुढच्या प्रत्येक चित्राला ‘चावी’. तेव्हा ‘नाही, चावी नाही’ म्हणू नका, त्याने तो शब्द आणखी घट्ट होतो. चावीचा पत्ता नजरेआड करा, अर्धा मिनिट काही बोलू नका, पाणी प्यायला सांगा, आणि अगदी वेगळ्या आवाजाचा शब्द पुढे आणा. दोन, शेजारी बसलेले नातेवाईक प्रेमापोटी शब्द पुरवतात. त्यांना बाहेर पाठवू नका, तिसरा खेळाडू करा आणि दहापर्यंत मोजायचं काम त्यांच्याकडे द्या. तीन, आपण मुद्दाम हरतो. मोठ्या माणसाला ते लगेच कळतं, आणि त्यानंतर तो मनापासून खेळत नाही.

हातवाऱ्यांना बंदी घालावी का, यावर थेरपिस्टांची मतं वेगवेगळी आहेत. वरच्या पद्धतीत बोलण्यावरच भर आहे. उलट 1980 च्या दशकात डेव्हिस आणि विलकॉक्स यांनी मांडलेल्या पेस पद्धतीत बोलणं, खूण, चित्र, लिहिणं, जे जमेल त्याने निरोप पोहोचवायची मुभा असते. दोघांनी आळीपाळीने सांगायचं, आणि सांगणाऱ्याकडे समोरच्याला माहीत नसलेली माहिती असायला हवी. आमचं म्हणणं असं: ज्याच्या तोंडून दिवसभरात दोन-चारच शब्द येतात त्याच्याकडून खुणा काढून घेणं म्हणजे त्याचं बोलणंच बंद करणं. अशा पेशंटला आधी पेस. शब्द येऊ लागले की आडोसा.

52 पत्त्यांत लक्ष आणि विचार

साध्या कॅटमधून लक्षाची एक शिडी तयार होते. आधी रंगाप्रमाणे दोन गठ्ठे, प्रत्येकी 26. मग बदाम, चौकट, इस्पिक, किलवर असे चार, प्रत्येकी 13. मग चार गठ्ठे करतानाच गुलाम, राणी, राजा असे 12 चित्रपत्ते वेगळे काढणं. शेवटी नियम बदलणं: टेबलावर टकटक केली की रंगाने लावायचं सोडून आकड्याने लावायचं, पुन्हा टकटक की परत रंग. प्रत्येक वेळी लागलेली मिनिटं आणि चुका दोन्ही लिहा. वेळ कमी होऊन चुका वाढत असतील तर ती प्रगती नसून घाई आहे.

पुढची पायरी बदाम सात. चारही रंगांकडे आणि वर-खाली दोन्ही दिशांना नजर ठेवावी लागते, म्हणून विभागलेल्या लक्षासाठी हा डाव उत्तम. सुरुवात बदाम आणि इस्पिक अशा दोनच रंगांनी करा, 26 पत्ते. पत्ता लावण्याआधी मोठ्याने सांगायचं: ‘इस्पिक अठ्ठी लावतो.’ त्याने घाईला लगाम बसतो, आणि चूक हातातून जाण्याआधी कानावर पडते.

डोक्याला मार लागलेल्या अनेकांना आपल्या अडचणीची जाणीवच नसते. वाद घालून ती येत नाही. डाव सुरू होण्याआधी विचारा: ‘किती चुका होतील असं वाटतं?’ आकडा कागदावर लिहून कागद पालथा ठेवा. डाव संपल्यावर त्यालाच मोजू द्या, मग कागद उलटा. तुम्ही काही बोलू नका. महिनाभर हे केल्यावर दोन आकडे जवळ येऊ लागतात की नाही, हेच मोजमाप.

कुंडीत बी लावणं

क्रम, नियोजन आणि मदत मागणं यांसाठी हे काम घ्या. झेंडूचं बी घ्या, मोठं असतं, बोटांना सापडतं. आठ पायऱ्यांचे आठ फोटो: भोकावर खापरीचा तुकडा, माती पाऊण कुंडी, थोडं पाणी, बोटाने तीन खड्डे, प्रत्येकात दोन बिया, पातळ थर मातीचा (बीच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट), झारीने पाणी, तारखेची पट्टी.

‘आता माती घाला, आता पाणी घाला’ असं सांगत गेलात तर कुंडी छान होते, पण नियोजन सगळं तुमचं असतं. फोटो मिसळून द्या, आधी क्रम लावू द्या, मगच साहित्य पुढे करा. अडलं तर आधी फक्त ‘पुढे काय?’, मग फोटोंच्या रांगेकडे बोट, मग वस्तूकडे बोट, मग हातात हात घालून. कुठल्या पायरीला काय लागलं ते लिहा.

आणि मुद्दाम एक गोष्ट कमी ठेवा. झारी रिकामी, किंवा बियांची पुडी तुमच्या खिशात. इथे बघण्यासारखं खूप असतं. एकजण रिकामी झारी कुंडीवर वाकडी करतो, दोनदा हलवतो आणि पट्टी लावायला घेतो: पाणी पडलं नाही हे त्याच्या लक्षातच आलं नाही. दुसरा झारीत डोकावतो, तुमच्याकडे बघतो, ओठ जुळवतो आणि ‘पा…’ पर्यंत येतो. पहिल्याला स्वतःचं काम तपासायला शिकवायचं आहे, दुसऱ्याला शब्द. काम एकच, उद्दिष्टं दोन.

झेंडू साधारण आठवड्याभरात उगवतो. पुढच्या सेशनला ‘उगवलं का? किती? केवढं?’ हा खरा प्रश्न तयार असतो, चित्रात नसलेला.

माती आधीच ओलसर करून घ्या म्हणजे धूळ उडत नाही. हातमोजे द्या. पक्षाघातानंतर बरेच पेशंट रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांना लहान कापल्यानेही रक्त जास्त वेळ वाहतं. काम टेबलाच्या उंचीवर घ्या, वाकायला लावू नका.

गाणं

‘बोलता येत नाही पण गाणं म्हणतात!’ हे घरचे आनंदाने सांगतात. ते खरं असतं आणि त्याने फसगतही होते. पाठ असलेलं गाणं ठरलेल्या साखळीसारखं बाहेर पडतं, तेच शब्द मागणीच्या वेळी सापडत नाहीत. नुसतं गाऊन बोलणं सुधारेल असं आश्वासन देऊ नका. मूड, श्वास आणि तोंडाचा सराव यासाठी गाणं उत्तम.

सूर बोलण्याकडे न्यायचा असेल तर 1973 मध्ये मांडली गेलेली मेलोडिक इन्टोनेशन थेरपी बघा. समजणं बऱ्यापैकी शाबूत आणि बोलणं अगदी अडखळत अशा पेशंटसाठी ती आहे. दोन-तीन अक्षरांचं, कामाचं वाक्य घ्या: ‘पाणी दे’, ‘दार लाव’. दोनच सूर, उंच आणि खाली. पेशंटचा डावा हात आपल्या हातात घेऊन दर अक्षराला एक ठोका: पा-णी-दे, तीन ठोके. आधी तुम्ही नुसतं गुणगुणा, मग दोघं मिळून म्हणा, मग मध्येच तुमचा आवाज काढून घ्या, मग तुमच्यामागून त्याला म्हणू द्या. शेवटी ‘काय हवंय?’ या प्रश्नाला उत्तर म्हणून. चार वेळा चुकलं की ते वाक्य त्या दिवशी सोडा. ओळखीच्या गाण्याची चाल वापरू नका, तोंडात जुने शब्दच येतात.

तंबोला: आकडे पुकारण्याचं काम

पार्किन्सन्समध्ये आवाज हळू होतो, आणि लक्ष दुसरीकडे गेलं की आणखी हळू. सरावात आलेला मोठा आवाज गर्दीत टिकतो का, ते तंबोलात कळतं. पेशंटला पुकारणारा करा, बाकीचे दोन मीटरवर. कुणी ‘काय?’ विचारलं की ती एक रेघ. फोनवरचं आवाज मोजणारं अ‍ॅप वापरायचं तर फोन रोज त्याच अंतरावर ठेवा, नाहीतर आकड्यांची तुलना होत नाही.

वाचाघात असेल तर मात्र जपून. तंबोल्यात 90 आकडे असतात, तिकिटावर 15, आणि मराठीत शंभरापर्यंतचा जवळजवळ प्रत्येक आकडा स्वतंत्र शब्द आहे. त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर एकमेकांत सहज मिसळतात, आणि 69 ला म्हणतात एकोणसत्तर, म्हणजे सहाचा आवाज कुठेच नाही. आधी 1 ते 20 वर खेळा. पुढे ‘सहा-नऊ, एकोणसत्तर’ असं अंक फोडून पुकारा. पेशंटने ‘सहा-नऊ’ म्हटलं तरी ते पूर्ण उत्तर धरा, फोनवर नंबर सांगायला तेच लागतं.

आठवण खेळाच्या पोटात

स्मरणशक्ती बरीच गेली असेल तर अंतर वाढवत विचारण्याची पद्धत वापरा. एकच गोष्ट निवडा, उपयोगाची: ‘कुणाला बोलवायचं असेल तर काय कराल?’ ‘बेल दाबेन.’ उत्तर आधी सांगा, लगेच विचारा. मग 15 सेकंदांनी, 30 सेकंदांनी, 1 मिनिटाने, 2, 4, 8, 16. मधल्या वेळात काय करायचं? खेळायचं. डॉमिनोज, पत्ते, फोटो लावणं. घड्याळ तुमच्याकडे.

चुकलं तर उत्तर लगेच सांगा, म्हणवून घ्या, आणि जिथे शेवटचं बरोबर आलं होतं त्या अंतरावर परत या. ‘आठवून बघा, अंदाज करा’ असं म्हणू नका. अशा पेशंटला चूक झाल्याचं आठवत नाही, पण चुकीचं उत्तर मात्र डोक्यात बसतं आणि पुढच्या वेळी तेच आधी येतं.

डिमेन्शिया आणि गट

‘ओळखा पाहू हे कोण’ हा खेळ नको. उत्तर आलं नाही की माणूस सगळ्यांसमोर उघडा पडतो. मत विचारा: ‘यातलं कुठलं आवडलं?’ याला चुकीचं उत्तर नसतं. हाताला पूर्वीपासून येणारी कामं, म्हणजे गठ्ठे लावणं, घड्या घालणं, रंग जुळवणं, बराच काळ टिकतात. सौम्य ते मध्यम डिमेन्शियासाठी कॉग्निटिव्ह स्टिम्युलेशन थेरपीचा (गटात खेळ-गप्पांतून विचारांना चालना देण्याची पद्धत) आराखडा 14 सेशनचा आहे: आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी सुमारे 45 मिनिटं, 7 आठवडे. त्यात शब्दखेळ, आकडे, आवाज ओळखणं, चालू घडामोडी असे विषय येतात. गट पाच-सहा जणांचा बरा, आणि सगळ्यांची पातळी साधारण जवळची हवी.

कधी थांबायचं

उत्तराला लागणारा वेळ वाढू लागला, एकच शब्द फिरून फिरून येऊ लागला, दहा मिनिटांपूर्वी येणारी गोष्ट चुकू लागली, म्हणजे माणूस थकला आहे. मेंदूच्या इजेनंतरचा थकवा खरा असतो, तो आळस नाही. सोप्या पाळीवर, यश मिळालं की थांबा.

खाण्यापिण्याचा कुठलाही उपक्रम गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय घेऊ नका, आणि झाल्यावरही तोंडात घास असताना बोलायला लावू नका. फिट येण्याचा इतिहास असेल तर लुकलुकणाऱ्या पडद्यावरचे खेळ डॉक्टरांना विचारूनच. खेळता खेळता तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं एकाएकी बिघडलं, तर ‘थकले असतील’ म्हणून वाट बघू नका. वेळ लिहून ठेवा आणि ताबडतोब रुग्णवाहिका बोलवा.

घरी देताना

घरच्यांना एकच खेळ द्या, तुमच्यासमोर दोनदा खेळवून घेतलेला. दिवसातून दोन वेळा 15-20 मिनिटं, जेवणानंतरची सुस्तीची वेळ सोडून. पत्त्यांच्या पाकिटावर तीनच ओळी लिहा: दहापर्यंत थांबा. आधी हलकी मदत. चुकीला ‘नाही’ म्हणू नका.

सोबत एक छोटी वही द्या. त्यात डावाचे गुण लिहायचे नाहीत. खेळाबाहेर, स्वयंपाकघरात, फोनवर, दारात, जो शब्द आपणहून आला तो आणि जो हवा असून आला नाही तो, एवढंच तारखेसह लिहायचं. पुढच्या सेशनचे 12 फोटो याच वहीतून निवडा.